बोकड जिंकेल त्या दिवशी

लोक तीन-तीन विमानं बदलत टोबॅगोला येतात आणि सामान टाकल्या टाकल्या वाळूत जाऊन पालथे पडतात, याचा मेल्डा ट्रिमला मनापासून राग यायचा. पालथं पडायला यांच्या देशात जागा नव्हती का? बकू गावात तिचं सहा खोल्यांचं गेस्ट हाउस होतं आणि त्याच्या व्हरांड्यात एक काळा फळा होता. रोज सकाळी पाव भट्टीत सरकवला की हात झटकत ती फळ्यापाशी यायची आणि ठळक अक्षरांत लिहायची, ‘आज समुद्र सोडून काय कराल?’ त्याखाली मग कधी रानातला धबधबा, कधी पक्षी, कधी डोंगरावरच्या म्हातारीशेजारी बसून कसावाच्या कंदाची भाकरी भाजणं. एकदा काहीच सुचेना, तेव्हा तिने ‘माझ्या तुरीच्या शेंगा सोला’ असं लिहून टाकलं. एका जोडप्याने दोन तास बसून त्या खरोखर सोलल्या आणि वर आभारही मानले.

ईस्टरच्या मंगळवारी मात्र फळ्यावर एकच ओळ होती. ‘बोकडांची शर्यत. दुपारी तीन वाजता. सगळ्यांनी.’ आणि ‘सगळ्यांनी’ खाली दोन रेघा.

या शर्यतीत मेल्डाचा जीव अडकला होता. तो कुणी अडकवला म्हणाल तर तिने स्वतःच.

सहा वर्षांपूर्वी, असाच ईस्टर होता. होड्यांची डागडुजी करणारा उल्रिक क्वाशी तिला लग्नाचं विचारायला आला. माणूस चांगला. कष्टाळू, हसरा, गाणं बेसूर पण पोटातून गाणारा. मेल्डा सत्तेचाळीस वर्षांची होती, एकटी होती, आणि हो म्हणायचं तिचं केव्हाच ठरलं होतं. पण हा शहाणा येऊन विचारतो कुठे? तर इओनच्या खेकड्यांच्या टपरीपुढे, निम्मं गाव हातात ताटल्या घेऊन उभं असताना. बरं, एकटा तरी यावं! नुकताच घेतलेला बोकड दोरीला बांधून बरोबर. उल्रिकने बोलायला तोंड उघडलं आणि त्याच क्षणी बोकडानेही उघडलं. मेल्डाच्या चर्चच्या नव्या टोपीवरची जाळी त्याने गवत खावं तशी खाऊन टाकली.

गाव खो खो हसलं. मेल्डाच्या अंगाचा तिळपापड झाला.

“लग्न पाहिजे?” ती ओरडली. “हा तुझा बोकड शर्यत जिंकेल ना, त्या दिवशी करीन तुझ्याशी लग्न!”

टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या, कुणीतरी रमची बाटली उंच धरली. झालं. ईस्टरच्या दिवसांत बकूच्या रस्त्यावर चारचौघांत बोललेला शब्द म्हणजे पाद्रीबाबांसमोर घेतलेली शपथ. तो गिळायचा तर गाव सोडून तरी जावं नाहीतर मरेपर्यंत टोमणे ऐकावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी मेल्डाला पश्चात्ताप झाला, पण उपयोग काय? उल्रिकने शब्द धरून ठेवला होता. त्याने बोकडाचं नाव सिनेटर ठेवलं आणि तो कामाला लागला.

सिनेटर त्यानंतरच्या पाच ईस्टरला पाच वेळा हरला. एखाद्या वेळी दुसरा येऊन हरला असता तर बरं, हा दर वेळी शेवटून पहिला. मेहनतीत तर काही कमी नव्हती. रोज पहाटे उल्रिक त्याला खाडीत पोहायला न्यायचा, मग ओल्या वाळूत पळवायचा, मग पायांना नारळाचं तेल चोळायचा. हरल्यावर दर वर्षी नवं कारण. एकदा म्हणे ऊन डोळ्यांवर आलं. एकदा स्टीलबँडच्या लोखंडी पिंपांच्या आवाजाने तो बिथरला. एकदा कुणीतरी करणी केली, आणि मग गाव आठवडाभर त्या करणीवाल्याच्या शोधात.

मेल्डाही आपल्या परीने झटत होती. समुद्रावरून परत येताना उल्रिकची वाट तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरून जायची. ती डब्याचं झाकण खिडकीच्या चौकटीवर आपटायची, टक टक टक, आणि सिनेटर उल्रिकला फरफटत खिडकीशी आणायचा. बोकडाला तिळाचा एक कडक लाडू, घरचा, काकवीत बांधलेला. उल्रिकला कपभर गरम कोको. तीळ खाल्ल्याने ताकद येते, ताकद आली की जिंकतो, असा मेल्डाचा साधा हिशेब. पाऊस असो, चक्रीवादळाची सूचना असो, सकाळची ती पंधरा मिनिटं कधी चुकली नाहीत.

त्या मंगळवारीही चुकली नाहीत. टक टक टक. सिनेटर आला. मागून लंगडत उल्रिक.

“गुडघा कसा आहे?” मेल्डाने विचारलं.

“कुणाचा? माझा की सिनेटरचा?”

“बोकडाचे गुडघे दिसतायत मला. तुझ्या पँटखाली काय बांधलंयस ते सांग.”

“फडकं. आणि थोडी रम लावली.”

“बाहेरून की आतून?”

“दोन्हीकडून. डॉक्टरांनी आतून नको म्हटलं नव्हतं.”

“डॉक्टरांनी पळूच नको म्हटलंय! उल्रिक, चोपन्न वर्षांचा झालास. बोकडामागे दोरी धरून पळायचं काम दे ना एखाद्या विशीतल्या पोराला. सगळे मालक देतात.”

“लग्न माझं आणि पळणार दुसरा? मग नवराही त्यालाच कर.” उल्रिकने कोकोचा घोट घेतला. “ही शेवटची, मेल्डा. यापुढे गुडघा पळू देणार नाही. आज नाही जमलं तर सिनेटर मोकळा, मी मोकळा, आणि तूसुद्धा मोकळी.”

मला मोकळं व्हायचंय असं तुला कुणी सांगितलं, असं मेल्डाच्या अगदी ओठांवर आलं. पण समोरच्या कुंपणापाशी इओन कपडे वाळत घालत होती आणि एकच परकर तिने तीनदा झटकला होता. तेव्हा मेल्डा म्हणाली, “कोको गार होतोय.”

दुपारी बकूचं मैदान उतू जात होतं. स्टीलबँड वाजत होता, भिंतींवर माणसं, झाडांवर माणसं, आणि आत पांढऱ्या चड्ड्या नि रंगीत बंड्या घातलेले धावणारे आपापल्या बोकडाच्या कानात काहीबाही सांगत होते. मेल्डाने लाडवांचं टेबल नेहमीच्या जागी मांडलं होतं, धावपट्टीच्या बरोबर मध्यावर, कठड्यामागे. शर्यत सुरू झाली की कठड्याला माणसांची अशी भिंत लागायची की टेबलामागून तिला पाठीच पाठी दिसत. तिला ते बरंच वाटायचं. सिनेटरच्या वेळी ती तशीही मैदानाकडे पाठ करायची, डोळे मिटायची, कानांत बोटं घालायची आणि देवाला हाका मारायची. सहा वर्षांत तिने त्याची एकही शर्यत पाहिली नव्हती.

शेवटची शर्यत तेवढी राहिली होती. सिनेटरची. टेबलाशी हेडविगबाई आल्या. या जर्मनीतल्या निवृत्त शिक्षिका, चार वर्षं दर ईस्टरला मेल्डाकडे उतरणाऱ्या. नवरा वाळूत झोपायला यायचा आणि बाईंना वाळूचा तिटकारा होता. मेल्डाचा फळा त्या मन लावून वाचायच्या आणि त्यावरचं सगळं करून यायच्या. तुरीच्या शेंगा सोलताना मात्र त्यांनी मीठ मागितलं होतं, दाणे कच्चेच खायला.

“आज तुमचा सिनेटर पळणार ना?” बाईंनी फोन सज्ज केला. “मी दर वर्षी त्याचाच व्हिडिओ काढते. पुढच्यांचे सगळेच काढतात. घरी भाचरांना दाखवला की ती हसून हसून लोळतात.”

“हसतात? हरण्याला?” मेल्डाला ते लागलंच.

“हरण्याला नाही हो. वळण्याला.”

“कुठलं वळणं?”

हेडविगबाईंनी फोन पुढे केला. पहिल्या वर्षीचा व्हिडिओ. फाटक उघडलं, सात बोकड सुटले, आणि सिनेटर चक्क सगळ्यांच्या पुढे! मेल्डाचा विश्वास बसेना. बोकड असा उधळला होता की उल्रिकचे पाय जमिनीला लागतायत की नाही कळत नव्हतं. मग अर्ध्या वाटेवर सिनेटर खाडकन उजवीकडे वळला, कठड्याला छाती लावून उभा राहिला आणि लोकांच्या पायांमधून मान आत घालू लागला. उल्रिक दोरी ओढतोय, बोकड ढिम्म. बाकीचे सहा निघून गेले.

दुसरं वर्ष. तीच जागा, तेच वळण. तिसरं. त्यात वारा होता आणि लोकांच्या डोक्यांवरून मागच्या टेबलाची पिवळी छत्री फडफडताना स्पष्ट दिसत होती.

मेल्डाने मान वर केली. डोक्यावर तीच पिवळी छत्री. समोर तिळाचे चाळीस लाडू, सकाळीच बांधलेले, उन्हाने काकवी सुटून वास दरवळत होता.

“अगं आई गं,” मेल्डा म्हणाली. सहा वर्षं रोज सकाळी स्वतःच्या हाताने लाडू भरवून तिने बोकडाला काय शिकवलं होतं? की मेल्डा दिसेल तिथे थांबायचं. आणि सहा वर्षं ती कुठे येऊन उभी राहात होती? शर्यतीच्या मध्यावर! करणी करणारा गावभर शोधला होता. तो इथे पिवळ्या छत्रीखाली बसून गिऱ्हाइकं करत होता.

तिला हसू आलं, मग रडू आलं, आणि मग लाउडस्पीकर खरखरला, “शेवटची शर्यत! बोकड फाटकात घ्या!”

उल्रिकला सांगायला वेळ नव्हता. आत कुणाला सोडतही नव्हते. मेल्डाने एक लाडू उचलला, डब्याचं झाकण काढलं आणि ती ओरडली, “हेडविगबाई, दुकान सांभाळा!”

“भाव काय लावू?”

“फुकट द्या!”

ती पळाली. त्रेपन्न वर्षांची बाई, चर्चचे बूट, एका हातात लाडू आणि दुसऱ्या हातात झाकण. “मेल्डा मावशी, तूही शर्यतीत आहेस का?” कुणीतरी ओरडलं. “हो!” ती म्हणाली आणि थांबली नाही. शेवटच्या रेषेच्या पलीकडे इओनचं पातेलं रटरटत होतं, खेकडे आणि पिठाचे उकडलेले गोळे, आणि पातेल्याशेजारी तिचं बसायचं खोकं.

“इओन, खोकं दे.”

“वीस वर्षांची माझी जागा आहे, मेल्डा. आधी काय झालं ते सांग.”

“खोकं दे, नाहीतर खेकड्यांत पाय ठेवून उभी राहीन!”

इओनने खोकं दिलं. मेल्डा त्यावर चढली. सिनेटरच्या वेळी पहिल्यांदाच ती मैदानाकडे तोंड करून उभी राहिली, आणि डोळे टक्क उघडे.

फाटक उघडलं.

सातही बोकड सुटले, मागे सात माणसं दोऱ्या धरून. सिनेटर पुढे! हरिकेन नावाचा काळा दांडगा बोकड त्याच्या मागोमाग. उल्रिक फडकं बांधलेला पाय फेकत उडत येत होता, आणि मेल्डाला एकदम कळलं की हा माणूस दर वर्षी तिच्यासाठी असा पळत आला आणि आपण दर वर्षी पाठ करून उभ्या राहिलो.

धावपट्टीचा मध्य आला. पिवळी छत्री आली. लाडवांचा वास आला. सिनेटर खाडकन उजवीकडे वळला.

“नाही! मेल्या, इकडे!” मेल्डा किंचाळली. पण त्या गलक्यात तिला तिचाच आवाज ऐकू येईना. कठड्याशी सिनेटरने लोकांच्या पायांत मान घातली. हरिकेन पुढे गेला, त्याच्यामागून आणखी तिघे. मेल्डा खोक्यावरून वाकली आणि तिने डब्याचं झाकण इओनच्या पातेल्यावर जीव खाऊन आपटलं.

टक टक टक!

रस्सा उडाला, इओन ओरडली, आणि तिकडे सिनेटरचे कान उभे राहिले. त्याने मान बाहेर काढली.

टक टक टक!

आवाज त्याने ऐकला, आणि उल्रिकनेही ऐकला. उल्रिकने वर पाहिलं. शेवटच्या रेषेपलीकडे मेल्डा उंच उभी, टोपी वाकडी, एका हातात लाडू, आणि सरळ त्याच्याकडे बघत होती. मग त्याने हातातली दोरी सोडून दिली.

सिनेटर मग बोकड राहिलाच नाही. चौथा मागे टाकला, तिसरा मागे टाकला, दुसऱ्याच्या तर अंगावरूनच गेला म्हणा ना. हरिकेन रेषेवर पोचतच होता, तेवढ्यात सिनेटरने मान लांब केली आणि दाढीभर अंतराने तो आधी पोचला. थांबला मात्र नाही. सरळ खोक्यावर दोन पाय ठेवले आणि मेल्डाच्या हातातला लाडू घेतला.

मैदान वेडं झालं. माणसं झाडांवरून पडली. इओनने खेकडा सोडून ओगराळ्याला मिठी मारली. आणि मग लाउडस्पीकर पुन्हा खरखरला, जरा दुःखी आवाजात. “मंडळी, नियम म्हणजे नियम. रेष ओलांडताना दोरी माणसाच्या हातात पाहिजे. सिनेटर बाद. पहिला नंबर, हरिकेन.”

सगळ्यांना ती सहा वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली. सगळे मेल्डाकडे बघू लागले.

मेल्डा खोक्यावरून उतरली. तिने सिनेटरचा कान धरला आणि ती धावपट्टीच्या मधोमध चालत निघाली. उल्रिक मध्यावर मातीत पाय पसरून बसला होता, गुडघा दोन्ही हातांत धरून.

“दोरी का सोडलीस?” तिने विचारलं.

“तू तिकडे उभी होतीस,” उल्रिक म्हणाला. “या गुडघ्यानिशी मी मागे लटकून राहिलो असतो तर तो वेळेत तुझ्यापर्यंत पोचला नसता.”

“म्हणजे तो माझ्यासाठी वळतो, हे तुला ठाऊक होतं?”

“सहा वर्षं दोरी माझ्याच हातात होती, मेल्डा. कुठे ओढतोय ते मला कळणार नाही?”

“आणि ऊन? स्टीलबँड? करणी?”

“काहीतरी सांगायला हवंच ना गावाला.”

“मग मला का नाही सांगितलंस, गाढवा? मी टेबल हलवलं असतं! लाडू बंद केले असते!”

“तेच तर.” उल्रिकने खाली बघत पँटवरची माती झटकली. “लाडू बंद झाले असते तर सकाळी तुझ्या खिडकीशी थांबायला मला काय निमित्त राहिलं असतं? शर्यत वर्षातून एकदा हरायची. खिडकी रोजची होती.”

मेल्डाने झाकण त्याच्या खांद्यावर हाणलं. मग आणखी एकदा हाणलं. मग ती चर्चच्या कपड्यांत तिथेच मातीत त्याच्याशेजारी बसली आणि सगळ्या गावासमोर हुंदके देऊन रडली, आणि रडता रडता तिला असं हसू फुटलं की सिनेटर घाबरून दोन पावलं मागे सरला.

पंच हातात कागद घेऊन आले. “मिस मेल्डा, आम्हाला फार वाईट वाटतंय, पण दोरी...”

“थांबा.” मेल्डा उठली. “आधी कोण पोचलं?”

“तसं बघितलं तर सिनेटर, पण...”

“सिनेटर म्हणजे बोकडच ना? मी तेव्हा काय म्हटलं होतं? हा बोकड जिंकेल त्या दिवशी. धावणाऱ्याचं नाव घेतलं होतं का मी? दोरीचं घेतलं होतं का?” ती कठड्याकडे वळली. “सगळे होतात ना तिथे! बोला!”

“बोकडच म्हणाली होती!” इओन ओगराळं उंचावून ओरडली. “माझ्या टपरीपुढे! माझ्या खेकड्यांची शपथ!”

“बोकड! बोकड!” सगळं मैदान ओरडू लागलं. स्टीलबँडवाल्यांनी कुणी न सांगता वाजवायला सुरुवात केली. पिवळ्या छत्रीखाली हेडविगबाई रिकामं ताट डोक्यावर धरून नाचत होत्या. लाडू त्यांनी सगळे वाटले होते, शेवटचा स्वतः खाल्ला होता.

“पण कप मी देऊ शकत नाही,” पंच गयावया करत म्हणाले.

“कप घाला चुलीत,” मेल्डा म्हणाली. “मला नवरा पाहिजे.”

उल्रिक एका पायावर उभा राहिला आणि बेसूर गायला लागला. त्याला कुणी अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे व्हरांड्यात आले, तर पावाचा वास नव्हता आणि स्वयंपाकघराचं दार बंद होतं. सिनेटर खांबाला बांधलेला होता आणि उरलेला खडू खात होता. मेल्डा आणि उल्रिक सकाळीच पाद्रीबाबांकडे तारीख ठरवायला गेले होते, आणि तिथून पुढे कुठे गेले ते इओनलासुद्धा माहीत नव्हतं. हेडविगबाईंनी चष्मा लावला आणि फळा सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला.

‘आज नाश्ता नाही. कालचा पाव कपाटात आहे. समुद्रावर जा.’

‘समुद्रावर’ खाली दोन रेघा होत्या.